पोटभर सँडविच की पोकळ सँडविच?

आमच्या वस्तीतली आठवीतली एक मुलगी मागच्या वर्षी शाळेच्या परिपाठात चक्कर येऊन पडली. शाळेतून निरोप आला तेव्हा आई धुण्या-भांड्याच्या कामावर आणि वडील मार्केट यार्डात हमालीवर. मी आरोग्य सेविका म्हणून निवृत्त झाले असले, तरी वस्तीत अजून पहिला फोन मलाच येतो. मुलीला घेऊन दवाखान्यात गेले, रक्त तपासले. हिमोग्लोबिन निघाले ८.६. या वयाच्या मुलीचे ते निदान १२ तरी असायला हवे.

संध्याकाळी तिची आई घरी आली. रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, "ताई, मी पोरीला उपाशी ठेवत नाही. रोज डब्यात चीज सँडविच देते. मी काम करते त्या बंगल्यातली पोरं नेतात तेच. मग हिचंच रक्त कमी कसं?"

त्या माउलीचा प्रश्न अगदी सरळ होता. तिने पदरमोड करून चीजची पाकिटे आणली होती. लेकीने इतर मुलींसमोर डबा उघडताना मान खाली घालू नये, एवढीच तिची इच्छा. अशा आईला "सँडविच कसले देतेस, भाकरी दे" असे सुनावणे सोपे आहे. मी तसे केले नाही आणि या पानावरही करणार नाही. पण त्या सँडविचमध्ये काय होते आणि काय नव्हते, ते मात्र सांगायला हवे.

भाकरीचा उपदेश नको

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. वस्तीतल्या मुलांनी ब्रेड, सँडविच, पिझ्झा खाल्ला की लगेच नाक मुरडणारे लोक पुष्कळ भेटतात. "तुमची जुनी भाकरी-चटणीच बरी" असे ते सांगतात. सांगणाऱ्याच्या घरात मात्र दूध, तूप, डाळ, सुकामेवा सगळे असते.

आपल्या आजी-आजोबांनी भाकरी खाल्ली ती आवडीने निवडून नव्हे. येसकराच्या पाळीला दारोदार फिरून आणलेली, कधी शिळी, कधी उष्टी भाकरी त्यांच्या वाट्याला आली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडून द्या, असे निक्षून सांगितले. त्या सांगण्यात स्वाभिमान होता आणि आरोग्यही होते. आपण काय खायचे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, हा त्याचा अर्थ. म्हणून आपल्या लेकराला सँडविच खावेसे वाटले, तर तो त्याचा हक्क आहे.

पण हक्काने घेतलेली वस्तू पोकळ निघाली तर फसवणूक आपलीच होते. माझा आक्षेप सँडविचला नाही, त्याच्या पोकळपणाला आहे.

चीजमध्ये काय असते, काय नसते

खरे चीज दुधापासून होते. त्यात प्रथिने असतात, कॅल्शियम असते. पण लोह जवळजवळ नसतेच. दूध, दही, पनीर, चीज, कशातच ते फारसे नसते. उलट कॅल्शियममुळे त्याच जेवणातले लोह अंगी लागायला थोडा अडथळाच येतो. मैद्याच्या ब्रेडमध्येही ते नावापुरतेच. म्हणजे त्या मुलीच्या डब्यात दोन पांढऱ्या चकत्या आणि मधे एक पिवळी चकती होती. पोट भरल्यासारखे वाटत होते, पण रक्त वाढवणारे त्यात काही नव्हते. वर सकाळी घोटभर चहा आणि संध्याकाळी पुन्हा चहा.

शिवाय पाकिटातल्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ बरेच असते. माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, जास्त मीठ खाऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात आजोबांना रक्तदाब असेल आणि मुलांबरोबर तेही चीज खात असतील, तर हा हिशेब ध्यानात ठेवा.

आता दुसरा प्रश्न. जे पिवळे आपण चीज म्हणून घेतो, ते चीज असते का?

हा वाद आपल्याच जिल्ह्यातून देशभर गेला, हे किती जणांना आठवते? ऑक्टोबर २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने नगरजवळ केडगावच्या मॅकडोनाल्ड्सच्या दुकानाची तपासणी केली. काही पदार्थांत चीजऐवजी चीजसारखा दुसराच पदार्थ वापरला जातो आणि तसे ग्राहकाला नीट सांगितले जात नाही, असा प्रशासनाचा आक्षेप होता. दुकानाच्या परवान्यावर कारवाई झाली, काही पदार्थांच्या नावांतून 'चीज' हा शब्द निघाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बातमी सगळीकडे झळकली. कंपनीने आरोप नाकारला. आम्ही खरेच चीज वापरतो, असे तिने सांगितले आणि केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही ते मान्य केल्याचे जाहीर केले.

त्या वादाचा निवाडा मी करत नाही. मी त्यातून एवढेच घेते, की चीज आणि चीजसारखा पदार्थ यांत कायदा फरक करतो. दुधातली चरबी काढून तिच्या जागी वनस्पती तेल घातले, तर त्या वस्तूला चीज म्हणून विकता येत नाही. एवढ्या मोठ्या दुकानाबाबत हा प्रश्न उभा राहतो, तर चौकातल्या गाडीवर 'डबल चीज' म्हणून किसून घालतात ते काय आहे, हे विचारायला लाजायचे कशाला? पाकीट दाखवायला सांगा. त्यावर 'ॲनालॉग' हा शब्द किंवा घटकांच्या यादीत 'खाद्य वनस्पती तेल' दिसले, तर ते चीज नव्हे. स्वस्त म्हणून घेतो आणि दुधाच्या नावाखाली तेल खातो.

ब्रेडचेही तसेच. तपकिरी दिसतो म्हणून तो गव्हाचा असतोच असे नाही, रंगानेही तपकिरी करता येतो. पाकिटावरच्या यादीत पहिले नाव कशाचे आहे ते बघा. पहिले नाव मैद्याचे असेल, तर वरचा रंग काहीही असो, तो मैद्याचाच ब्रेड.

आपली मुले आता शिकली आहेत. इंग्रजीतले बारीक अक्षर त्यांना वाचता येते. दुकानात गेल्यावर पाकीट त्यांच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. आपल्याला शिक्षण मिळाले ते अशा कामांसाठीही.

चीज थोडे, कडधान्य भरपूर

मग करायचे काय? सँडविच बंद नको, त्याचे पोट भरा. चीज चवीपुरते ठेवा आणि मुख्य सारण कडधान्याचे करा.

परदेशात भाजलेल्या ब्रेडवर शिजवलेले बीन्स घालून, वर चीज वितळवून खातात. तिथे ते कष्टकऱ्यांचे पोटभरीचे खाणे आहे. तिथले बीन्स म्हणजे आपल्या घेवडा-राजम्याच्याच कुळातले. आपल्याकडे तर कडधान्याची चंगळ आहे. पारनेर, पाथर्डी, कर्जतच्या कोरडवाहू रानात मटकी आणि हुलगा येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले विजय, विशाल, दिग्विजय हे हरभऱ्याचे वाण राज्यभर पेरले जातात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावरान वाण घराच्या ओसरीवर जपले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बीन्स आपल्याला परके नाहीत. फक्त ते डब्यातून उठून गेले, कारण उसळ-भाकरीचा डबा गरिबीचा वाटू लागला. तीच उसळ सँडविचमध्ये घाला, मूल आनंदाने नेते. हे मी अनुभवाने सांगते.

चार जणांसाठी असे करा.

एक मोठी वाटी, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, चवळी, राजमा किंवा मटकी रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरला शिजवा. चवळीला तीन-चार शिट्ट्या पुरतात, राजम्याला सहा-सात लागतात. बोटाने दाबल्यावर दाणा पिठासारखा झाला पाहिजे. मोड आलेली मटकी असेल तर एक शिट्टी किंवा नुसती वाफ बस्स.

कढईत दोन चमचे तेलात जिरे, पाच-सहा ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि चिमूटभर हिंग घाला. एक मोठा कांदा परता, मग दोन टोमॅटो, हळद, घरचा मसाला आणि अगदी थोडे मीठ. चीजमध्ये मीठ आहेच. शिजलेले कडधान्य घालून वाटीच्या बुडाने अर्धे ठेचा, अर्धे तसेच राहू द्या. पाणी आटवून घट्ट करा, नाहीतर ब्रेड भिजतो. उतरवल्यावर मूठभर कोथिंबीर आणि अर्धे लिंबू पिळा. शेंगदाण्याची चटणी असेल तर एक चमचा तीही घाला.

ब्रेडच्या आठ चकत्या घ्या. चार चकत्यांवर हे सारण बोटाएवढे जाड पसरा. त्यावर १०० ग्रॅम पनीर कुस्करून चारांत वाटून घाला, नाहीतर चीजची एक चकती अर्धी अर्धी करून लावा. वर दुसरी चकती ठेवा. तव्यावर थोडे तेल सोडून मंद आचेवर ठेवा आणि वरून पाण्याने भरलेल्या तांब्याने दाबा. तीन मिनिटांनी उलटा. सँडविच भाजायचे यंत्र नसले तरी तवा आणि तांब्यावर काम होते. ब्रेड नसेल तर चपातीत किंवा ज्वारीच्या भाकरीत घालून दुमडा आणि तसेच शेका. खरे तर ते जास्त चांगले, पण मुलाने ब्रेडच मागितला तर भांडू नका.

आता हिशेब बघा. सुक्या चवळी-राजम्यात शेकडा २० ते २३ भाग प्रथिने असतात. वरच्या प्रमाणात पनीर घालून केलेल्या एका सँडविचमधून साधारण १६-१७ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन चकत्या ब्रेड आणि एक चीज चकती एवढ्याच डब्यातून, चीज खरे असले तरी, आठ-नऊच्या पुढे जात नाहीत. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे एका डब्यात दिवसाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा निघाला. लोहाचे बघा. १०० ग्रॅम सुक्या मटकीत किंवा हुलग्यात ७ ते ९ मिलिग्रॅम लोह असते, जे चीजमध्ये नाही. ते सगळे अंगी लागत नाही, म्हणून टोमॅटो आणि लिंबू हवेच, त्यातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषले जाते. आणि डब्याच्या आधी-नंतर तासभर चहा नको. चहा लोहाला अडवतो.

खर्च म्हणाल, तर गाडीवरच्या दोन चीज सँडविचच्या पैशात साधारण किलोभर मटकी येते.

तीन सावधगिऱ्या

पहिली, राजमा कधीही अर्धकच्चा खाऊ नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी जोराच्या उलट्या-जुलाब होऊ शकतात. म्हणून भिजवणे, पाणी फेकणे आणि खळखळून उकळणे या तिन्ही गोष्टी करायच्या. गॅस वाचवायचा म्हणून मंद आचेवर कोमट शिजवत ठेवाल तर विष जात नाही. कुकरमध्ये नीट शिजले की भीती नाही.

दुसरी, ज्यांना सवय नाही त्यांना पहिल्या आठवड्यात पोटात वारा धरेल. आठवड्यातून दोनदा, थोड्या प्रमाणात सुरू करा. हिंग, लसूण, आले आणि मोड आणणे याने त्रास कमी होतो.

तिसरी, मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. मधुमेह असेल त्याने ब्रेड एकच चकती घ्यावी आणि सारण जास्त. कडधान्यातल्या तंतूंमुळे साखर हळू चढते, मैद्याने झटकन चढते.

फक्त आईच्या माथी मारू नका

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे चूक आईचीच. नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१, सांगते की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के रक्तक्षयी आहेत. निम्म्याहून जास्त बायका एकाच वेळी स्वयंपाकात चुकत नसतात.

वस्तीतल्या ताटातून स्वस्त प्रथिने एकेक करून कमी झाली. २०१५ साली राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कष्टकऱ्यांच्या घरात येणारे स्वस्त मांस गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे सुरू झाले, मुले त्या दिवसाची वाट बघायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांचा निधी थांबवला. एक अंडे सहा-सात ग्रॅम चांगली प्रथिने देते. ते ताटातून काढायचे आणि मग आईला पोषणाचे व्याख्यान द्यायचे, हा न्याय नव्हे.

म्हणून मी कडधान्य सुचवते ते अंड्याच्या बदली नाही. घरात अंडे, सुकट, बोंबील, मटण परवडते तेव्हा जरूर करा, मांसाहारातले लोह सगळ्यांत लवकर अंगी लागते. कडधान्य हा रोजचा आधार आहे आणि तो आपल्या हातात आहे. जे आपल्या हातात नाही, ते मागायचे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. आपल्या वस्तीतले पालक त्या बैठकीला जातात का? तिथे उठून अंड्याबद्दल विचारतात का? लोकवर्गणीतून अंडी देण्याची मुभा शाळांना आहे. पण गरिबांच्या शाळेत वर्गणी कोण देणार, हा सवाल ठरावात लिहून वर पाठवायला काय हरकत आहे?

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. त्यांतल्या कित्येकजणी दलित होत्या, अक्षरओळख नसलेल्या होत्या. मुलांचे वजन, बाळंतपण, पाणी, आहार हे सगळे त्यांनी हातात घेतले आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्य फक्त डॉक्टरच्या पिशवीतून येत नाही, वस्तीतली बाई शहाणी झाली की येते, हे त्या बायकांनी दाखवले आहे. आपल्या महिला मंडळांना हे का जमू नये?

माझी सूचना साधी आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर आपण जमतोच. महिन्यातला एक रविवार डब्यासाठी ठेवा. मंडळाने घाऊक दुकानातून दहा किलो मटकी-चवळी आणून वाटून घ्यावी, स्वस्त पडते. एकीने मोड आणायची रीत दाखवावी, एकीने हे सँडविच तव्यावर करून दाखवावे. मुलांनी पाकिटांवरची अक्षरे वाचून दाखवावीत. आशाताईंना बोलवा आणि त्याच दिवशी मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुरुषांनीही यावे. डबा भरणे हे एकट्या आईचे काम नाही. रात्री कडधान्य भिजत घालायला कोणाचेही हात चालतात.

आणि एक. हिमोग्लोबिन कमी असेल तर फक्त सँडविचने ते भरून येणार नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली लपवून फेकून देतात, कारण पोटात मळमळते. जेवल्यानंतर घ्यायला सांगा आणि फेकू देऊ नका. जंताची गोळीही वेळेवर द्या. पाळीत जास्त रक्त जात असेल तर लाज न बाळगता दवाखान्यात न्या.

त्या आठवीतल्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचाराल. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. चहा सुटला नाही, पण डब्यापासून लांब गेला. आई आता रात्री झोपण्याआधी वाटीभर कडधान्य भिजत घालते, ती कामावरून उशिरा आली तर वडील घालतात. सँडविच बंद झाले नाही, त्याचे पोट भरले. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १०.९ होते. अजून १२ झालेले नाही. गोळी आणि डबा दोन्ही चालू आहेत.

परवा ती आई मला म्हणाली, "ताई, आता वर्गातल्या पोरी हिचा डबा मागतात. एक सँडविच जास्तीचं करावं लागतं." मी म्हटले, कर. मूठभर मटकी जास्त भिजव.

जय भीम.